नांगर, तराजू आणि लेखणी : आपल्या उपजीविकेचा इतिहास

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी समाजाच्या उपजीविकेच्या इतिहासावर काही लिहावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली. मंदिराचा जीर्णोद्धार, पंचकल्याणक महोत्सव, त्यागीवृंदाचे चातुर्मास यांचा वृत्तांत या अंकात अन्यत्र अधिकारी व्यक्तींच्या लेखणीतून येईलच. परंतु हे सर्व ज्या द्रव्यातून उभे राहिले, ते द्रव्य आपल्या पूर्वजांनी कोणत्या मार्गाने मिळविले, याचा विचार आपण क्वचितच करतो. दानाची रक्कम संगमरवरावर कोरली जाते. दात्याचा धंदा मात्र कोरला जात नाही.

या लेखाच्या निमित्ताने ट्रस्टच्या कपाटातील शिष्यवृत्तीच्या अर्जांची जुनी बाडे चाळण्याचा योग आला. त्या छापील अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना आहे. अगदी आरंभीच्या अर्जांत त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द दिसतो, ‘शेती’. मधूनच किराणा दुकान, भांड्यांचा धंदा, शिवणकाम. त्यानंतरच्या बाडांत साखर कारखान्यातील नोकरी, यंत्रमाग, प्राथमिक शिक्षक असे शब्द येऊ लागतात. अलीकडच्या अर्जांत तर पुणे आणि बेंगळुरू येथील संगणक कंपन्यांची नावे आहेत. पन्नास वर्षांचा सामाजिक इतिहास त्या एका रकान्यात उतरला आहे, असे मला वाटले आणि लेखाची दिशा ठरली.

‘जैन म्हणजे व्यापारी’ हे समीकरण महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे. मुंबई-पुण्याकडील मंडळी तर जैन शेतकरी म्हटला की आश्चर्याने पाहतात. मात्र कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा या नद्यांच्या काठची गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पाटीलकी सांभाळणारे, स्वतः नांगर धरणारे आणि तरीही सूर्यास्तापूर्वी भोजन करणारे जैन कुटुंब ही काही नवलाची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ४४ लाख ५० हजार जैनांपैकी १४ लाख महाराष्ट्रात होते. २००१ च्या जनगणनेत देशभरातील काम करणाऱ्या जैनांपैकी ११.७ टक्के शेतकरी व ३.३ टक्के शेतमजूर म्हणून नोंदले गेले. म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीसही दर सात कमावत्या जैनांपैकी एकाचे पोट मातीवर होते.

षट्कर्मांची शिकवण

नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात आचार्य जिनसेनांनी आदिपुराण रचिले. त्यात सांगितले आहे की, कल्पवृक्ष क्षीण झाले, लोकांना अन्नाची भ्रांत पडली, तेव्हा भगवान ऋषभदेवांनी प्रजेला जगण्याची सहा साधने शिकविली : असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. तलवार, लेखणी, नांगर, ज्ञान, व्यापार आणि हस्तकौशल्य. आचार्य समंतभद्रांच्या स्वयंभूस्तोत्रातही आद्य तीर्थंकरांचे स्तवन करताना त्यांनी प्रजेला कृषी आदी कर्मे शिकविल्याचा उल्लेख आहे. ज्या धर्माचा आद्य तीर्थंकर लोकांना पेरणी शिकवितो, तो धर्म केवळ पेढीवर बसणाऱ्यांचा कसा म्हणता येईल?

आदिपुराणातील आणखी एक तपशील येथे नमूद करणे अगत्याचे आहे. ऋषभदेवांनी विद्यादानाचा आरंभ केला तो आपल्या कन्यांपासून. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या. पुत्रांचे शिक्षण त्यानंतर. प्रवचनांतून हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. त्याकडे शेवटी पुन्हा वळावयाचे आहे.

याउलट श्रावकाने कोणते धंदे करू नयेत, याचीही चर्चा प्राचीन आहे. उपासकदशा या आगमग्रंथात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्यांचे विवरण केले. ते विवरण आपल्या भागातील कोणाही बांधवाने वाचावे, म्हणजे तो क्षणभर स्तब्ध होईल. अंगारकर्मात कोळसा पाडणे येते, तसेच कुंभार, लोहार, सोनार व तांबट यांची भट्टी आणि विटा भाजणेही येते. स्फोटकर्मात विहिरी-तळी खोदणे व दगड फोडणे. भाटककर्मात भाड्याने वाहतूक. दवदान म्हणजे आग लावणे. आणि यंत्रपीडनात तीळ, मोहरी, एरंडी यांच्यासह ऊस गाळणे! म्हणजे ज्या गुऱ्हाळांवर आणि साखर कारखान्यांवर आपल्या समाजाची दोन-तीन पिढ्यांची समृद्धी उभी आहे, तो धंदाच या यादीत नावानिशी सापडतो. उसाचा फड तुटल्यावर पाचट पेटवून देणारे शेतकरी आपल्यात कमी नाहीत. दवदानाचा याहून सोपा अर्थ कोणता सांगावा?

मग आपले पूर्वज धर्मभ्रष्ट होते काय? तसा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरेल. कारण उपासकदशेच्या ज्या अध्ययनात ही पंधरा कर्मादाने येतात, ते अध्ययन आनंद नावाच्या श्रावकाचे आहे, आणि हा आनंद मोठा शेतकरी होता. व्रत घेताना त्याने आपल्या परिग्रहाची मर्यादा ठरविली, ती अशी : बारा कोटी सुवर्ण, प्रत्येकी दहा हजार गायींचे चार कळप, पाचशे नांगरांची जमीन, आणि मालाची ने-आण करण्यासाठी गाड्यांचे पाचशेचे दोन ताफे. भगवान महावीरांनी त्याला नांगर सोडावयास सांगितले नाही. त्याच ग्रंथात सद्दालपुत्त नावाचा कुंभार आहे. नगराबाहेर त्याची पाचशे दुकाने होती, आणि भट्टीवाचून कुंभारकाम होत नाही. तोही श्रावक झाला.

तेराव्या शतकात दिगंबर परंपरेतील पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात या यादीचा परामर्श घेतला आहे. जगात सावद्य कर्मे अगणित असताना ती पंधराच मोजणे योग्य नव्हे, असा त्यांचा अभिप्राय आहे. मला हा अभिप्राय फार मोलाचा वाटतो. यादी संपली की माणूस निर्धास्त होतो. यादी नसली म्हणजे प्रत्येक धंद्यात त्याला स्वतःला विचारावे लागते. संकल्पी हिंसा श्रावकाने पूर्णतः वर्ज्य करावी, आरंभी, उद्योगी व विरोधी हिंसा मात्र गृहस्थाला सर्वथा टळत नाही, तेव्हा ती शक्य तितकी कमी करावी, या परंपरागत विवेचनातही हेच सूत्र आहे.

परमपूज्य आचार्य शांतिसागर महाराजांचा जन्म १८७२ साली झाला. त्यांचे भोज हे गाव दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळचे, आणि घराणे शेतकरी पाटलांचे. गृहस्थाश्रमात असताना ते शेत राखावयास जात, परंतु पिकावर बसलेली पाखरे हाकलीत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवीत, अशी आठवण आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. नांगर त्यांच्या घरीही होताच. प्रश्न होता तो गोफणीचा.

तलवार, बाजारपेठ आणि भट्टी

आपल्या प्रदेशात ही सहाही कर्मे जैनांनी केल्याचे पुरावे आहेत. श्रवणबेळगोळ येथे इ.स. ९८१ च्या सुमारास बाहुबलींची मूर्ती घडविणारा चामुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता आणि कन्नड ग्रंथकारही. असि आणि मसि एकाच हाती. कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळात गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने जिनमंदिर उभारिले. शके १०५८, म्हणजे इ.स. ११३५ च्या सुमाराच्या कोल्हापुरातील शिलालेखात वीरबलंज या व्यापारी संघाने अशा मंदिरासाठी बाजारातील मालावर बसविलेल्या देणगीची नोंद आहे. मंदिर सामंताने बांधावे आणि त्याचा नित्य खर्च बाजारपेठेने उचलावा, ही व्यवस्था नऊशे वर्षांपूर्वीची आहे. आपल्या ट्रस्टच्या वार्षिक जमाखर्चाशी तिचे साम्य ज्याने त्याने पाहावे.

पुढील काळात आपल्या पोटजातींची वाटणीही बव्हंशी धंद्यावरून ओळखली जाऊ लागली. चतुर्थ प्रामुख्याने शेतकरी, पंचम व्यापार आणि शेती दोन्ही करणारे, कासार किंवा बोगार तांब्या-पितळेची भांडी व बांगड्यांच्या व्यवसायातील, सैतवाळ शिवणकाम आणि कापडात, उपाध्ये पौरोहित्यात. कोल्हापूरचे समाजशास्त्रज्ञ डॉ. विलास संगवे यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या जैन समाजाच्या सर्वेक्षणात या विभागणीचा साक्षेपाने विचार केला आहे. गुजराती आणि मारवाडी जैन बंधू व्यापारानिमित्त आले. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला, तसा गूळ, हळद, शेंगा आणि तंबाखू यांचा व्यापार वाढीस लागला. सांगलीजवळ हरिपूर येथे जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद साठविली जाई. तोंड चिखलाने बंद केले की माल वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. २००५ च्या महापुराने त्यांतील अनेक पेवे निकामी केली. कीटकनाशकावाचून धान्य व मसाले राखण्याची अशी रीत नाहीशी व्हावी, याचे वैषम्य जैनांना तरी अधिक वाटावयास हवे होते.

तंबाखूविषयी मात्र आपले मौन बोलके आहे. निपाणी-जयसिंगपूर पट्ट्यात तंबाखू पिकविणारे व विकणारे जैन होते, आणि त्याच कुटुंबांत व्यसनमुक्तीची व्रतेही दिली जात. १९८१ साली निपाणीत तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले, गोळीबार झाला, माणसे मृत्युमुखी पडली. शेतकऱ्याच्या बाजूने तेव्हा प्रश्न भाकरीचा होता, आणि त्याला कर्मादानाची यादी वाचून दाखविणे क्रूरपणाचे ठरले असते. तथापि हे पीक विषवाणिज्यात मोडते किंवा कसे, हा प्रश्न समाजाच्या व्यासपीठावर मोकळेपणाने विचारला गेल्याचे मला तरी आठवत नाही.

बोर्डिंगची पिढी

आपल्या उपजीविकेच्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण १८९९ साली आले. स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. शेतकरी जैनांची मुले शिकली पाहिजेत, ही त्या मंडळींची तळमळ होती. १९०१ मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले, आणि मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांचे साहाय्य त्यास लाभले. सुरतेकडील एका जवाहिऱ्याचे धन कोल्हापूरकडील शेतकऱ्याच्या मुलाच्या शिक्षणास लागले, ही घटना ‘व्यापारी जैन’ आणि ‘शेतकरी जैन’ असे भेद करणाऱ्यांनी विसरू नये. १९०२ च्या जुलै महिन्यात शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व अन्य पुढारलेले वर्ग त्यातून वगळले होते. वगळलेल्यांत जैनांचे नाव नव्हते. सरकारी कचेरीचे दार नांगरधाऱ्याच्या मुलाला प्रथमच उघडले.

त्या दाराने कोण कोण आत गेले ते पाहावे. कुरुंदवाडचे अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे एम.ए., एल्‌एल.बी. झाले, राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. सदलग्याचे आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये १९३० पासून राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवू लागले; त्यांनी १९३५ मध्ये संपादित केलेल्या प्रवचनसाराने जगभरच्या विद्वानांचे लक्ष वेधून घेतले. पोथी घरात पूजेला असते. तिचे अध्ययन हा पूर्ण वेळचा व्यवसाय होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आणि कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील. याच जैन बोर्डिंगमध्ये ते राहिले, आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्याबद्दल त्यांना तेथून बाहेर पडावे लागले, हेही सुवर्णमहोत्सवी अंकात लपवू नये. पुढे त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव फिरून विकले. लोखंडी फाळाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असलेल्या काळात हे काम सोपे नव्हते. या भटकंतीत त्यांनी खेड्यातील निरक्षरता जवळून पाहिली. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ पासून साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविले. बोर्डिंग चालविण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिले. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना म्हणजे श्रमाला लाज न मानण्याचे शिक्षण होते. शेतात काम करून शिकलेला तो विद्यार्थी पदवीधर झाल्यावर शेताकडे परतला नाही, हा मात्र इतिहासाचा विनोद.

व्यापाराच्या परंपरेतून उद्योगाकडे गेलेले सर्वांत ठळक नाव सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांचे. घरचा कापूस व सावकारीचा धंदा बाजूस ठेवून त्यांनी लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागीदारी केली, लोहमार्गाची कंत्राटे घेतली. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून निघाली. १९४० मध्ये बेंगळुरू येथे विमानांचा कारखाना निघाला, पुढील वर्षी विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीची पायाभरणी झाली. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरला त्यांनी उसाचा मळा व साखर कारखाना उभा केला. स्फोटकर्म, भाटककर्म, यंत्रपीडन, सर्व एकाच चरित्रात! तरीही समाजाने त्यांचा गौरवच केला, आणि तो योग्यही होता, कारण परसत्तेच्या काळात हजारो हातांना काम देणे हेही एक व्रतच होते.

आजचा रकाना

आता वर्तमानाकडे. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांत गेली काही वर्षे जे ऐकू येते, ते या इतिहासाच्या प्रकाशात तपासले पाहिजे. मुलगा पुण्यात नोकरीस असावा, स्वतःचे घर असावे, आणि ‘गावाकडे बागायत शेतीही असावी’, अशी अपेक्षा मुलीकडील मंडळी नोंदवितात. शेती हवी, शेतकरी नको. चार एकर ऊस, ठिबक सिंचन, दारात ट्रॅक्टर, कृषी पदवी आणि निर्व्यसनी स्वभाव असलेला मुलगा पस्तिशी ओलांडूनही अविवाहित राहिल्याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. त्याच्या आईने मेळाव्यातून परतताना विचारलेला प्रश्न मी विसरू शकत नाही : “काका, माझ्या लेकानं कुठलं पाप केलंय?” चतुर्थ जैनाच्या घरी हा प्रश्न विचारला जावा, आणि आपण सर्वांनी मान खाली घालावी, अशी वेळ आली आहे.

मुलींना दोष देऊन हा विषय संपत नाही. शेतकऱ्याच्या घरी नांदणाऱ्या आपल्या माता-भगिनींनी भांगलण केली, हळद शिजविली, जनावरांचे शेण-पाणी केले, शेतावर भाकरी पोहोचविली, आणि विचारल्यावर ‘मी घरीच असते’ असे सांगितले. २००१ च्या जनगणनेत जैन स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के होती. त्याच जनगणनेत काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेलेल्या जैन स्त्रिया मात्र केवळ ९.२ टक्के, सर्व प्रमुख धर्मीयांत सर्वांत कमी. सर्वांत अधिक शिकलेल्या आणि सर्वांत कमी कमावत्या. त्यांतील किती प्रत्यक्षात राबत होत्या आणि नोंदल्या गेल्या नाहीत, हा भाग वेगळा. आईचे कष्ट ज्या मुलीने पाहिले, त्या कष्टांना नाव नाही आणि दाम नाही हेही पाहिले, तिने शेतकरी स्थळ नाकारले तर तिचा हिशेब चुकला असे म्हणवत नाही.

वास्तविक या बाबतीतही आपली परंपरा दरिद्री नाही. शेठ माणिकचंदांच्या कन्या मगनबाई यांना अकाली वैधव्य आले. त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम काढून विधवा व निराधार भगिनींना शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभे केले. सोलापूरला पंडिता सुमतीबाई शहा यांनी हेच कार्य मोठ्या प्रमाणावर केले आणि शासनाने त्यांना पद्मश्रीने गौरविले. ब्राह्मी-सुंदरींची कथा या दोघींनी केवळ सांगितली नाही, शाळेच्या पटावर उतरविली.

ज्या कारणाने हा लेख सुरू केला, तेथे परत येतो. शिष्यवृत्तीच्या अर्जांची पन्नास वर्षांची बाडे मी चाळली. त्यांत वडिलांचा व्यवसाय आहे, वडिलांचे वार्षिक उत्पन्न आहे, पालकांची सही आहे. आईच्या व्यवसायाचा रकाना मला एकाही वर्षाच्या छापील अर्जात आढळला नाही. एका अर्जावर मात्र, वडिलांच्या व्यवसायापुढे ‘हयात नाहीत’ असे लिहून, त्याखाली समासात विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली आहे : ‘आई दोन एकर शेत पाहते व शिवणकाम करते.’ त्या अर्जाला शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचा शेरा आहे. विश्वस्त मंडळ सुवर्णमहोत्सवानंतर नवे अर्ज छापणार असल्याचे कळते. मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी त्यात तो एक रकाना वाढवावा, एवढी विनंती मी या लेखाद्वारे करीत आहे.